भिंतीवर मिटणारं टेबल: एका झडपेत जेवण, अभ्यास आणि फळा

एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या) 225, 269 किंवा 300 चौरस फुटांच्या घरात जेवणाचं टेबल कायमचं मांडून ठेवायला जागा नसते. मग घडीचं फर्निचर करून घेतलं जातं आणि सहा महिन्यांत ते कायमचं उघडं तरी राहतं, नाहीतर कायमचं बंद. यात लाकडाचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा आराखडा उघड्या टेबलाचा काढलेला असतो आणि मिटल्यावर त्याचं काय व्हायचं हे सुतारावर सोडलेलं असतं. खरं तर दिवसाचे वीस तास ही वस्तू मिटलेलीच असणार. म्हणून आराखडा मिटलेल्या अवस्थेपासून सुरू करायचा: भिंतीपासून किती पुढे येणार, पाय कुठे जाणार, टेबलावरचं लोणच्याच्या बरणीसारखं सामान कुठे सरकणार, आणि मिटलेली बाजू कशाच्या उपयोगी पडणार.

इथे एकच नमुना शेवटपर्यंत घेतला आहे. भिंतीवर उथळ कपाट, त्याची झडप खाली उतरली की 900 × 760 मिमीचं टेबल, आणि झडपेच्या बाहेरच्या अंगाला पायाची चौकट. चौकट मिटली की तिच्या आत मुलांना लिहायला पांढरा फळा. सगळं मिळून भिंतीपासून आठ इंचांच्या आत बसतं.

मापं कुठून येतात

टेबलाची वरची पातळी जमिनीपासून 740 मिमी धरा. बसायची उंची 430 ते 450 मिमी असली की बैठक आणि टेबल यांत साधारण 300 मिमी राहतात. जेवायला आणि लिहायला दोन्हीला हे अंतर चालतं. पोळ्या उभ्याने लाटायच्या असतील तर मात्र ही उंची कमी पडते. ओट्याची उंची 850 च्या आसपास असते, ती यासाठीच. एकच टेबल दोन्हींसाठी मधल्या उंचीचं, म्हणजे 800 चं केलं, तर बसून लिहिणाऱ्याचे खांदे वर चढतात आणि उभ्याने लाटणाऱ्याची पाठ वाकलेलीच राहते. करंज्या-पापड बसून लाटा आणि उंची 740 च ठेवा.

शेजारी-शेजारी जेवणाऱ्या प्रत्येकाला 600 मिमी रुंदी लागते. 760 च्या दोन्ही बाजूंना एकेक आणि समोरच्या 900 ला एक, असे तिघं मोकळेपणाने बसतात. समोर दोन लहान मुलं मावतात, दोन मोठी माणसं नाहीत. कपाटाची 150 आणि टेबलाची 760 मिळून 910 मिमी, त्यापुढे बसणाऱ्यासाठी 600, म्हणजे दीड मीटर गेलं. दहा फुटी खोलीत उरलेल्या दीड मीटरमध्ये पलंग किंवा मोरीचं दार येतं का, हे आधी जमिनीवर खडूने आखून बघा. वर्तमानपत्रं चिकटवून 900 × 760 चा कागद अंथरा आणि एक दिवस त्याला वळसा घालून वावरा. कपाटाचं दार उघडताना, फ्रिजशी जाताना काय आडवं येतं ते त्या एका दिवसात कळतं.

760 हा आकडा जेवणाच्या ताटावरून आलेला नाही, पायावरून आला आहे. प्लाय 19 आणि दोन्ही बाजूंचा मायका मिळून टेबलाची जाडी 21 मिमी होते, त्यामुळे खालची पातळी 719 वर येते. पायाला तेवढी उंची हवी. तो झडपेच्या मोकळ्या कडेपासून 30 मिमी आत बिजागरीवर टांगला, तर मिटल्यावर त्याचं टोक त्या कडेपासून 749 वर येतं. 760 च्या झडपेत तो पूर्ण लपतो आणि 11 मिमी उरतात. झडप 600 ची केली असती तर पाय कपाटाखाली पाच इंच लोंबकळला असता. टेबल उथळच हवं असेल तर पायाची कल्पना सोडून ब्रॅकेटवर यावं लागतं, आणि तिथे वेगळी अडचण आहे.

ब्रॅकेट की पाय

बाजारात घडीचे काटकोनी ब्रॅकेट मिळतात आणि दोन ब्रॅकेट लावून टेबल अर्ध्या दिवसात उभं राहतं. पण भिंतीवरचा हिशोब बघा. टेबल भिंतीपासून 60 सेंमी पुढे आलेलं आहे. कुणी उठताना पुढच्या कडेवर हात टेकून 50 किलो भार दिला. ब्रॅकेटची भिंतीलगतची उभी बाजू 25 सेंमीची असेल, तर वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढणारा जोर 50 × 60 ÷ 25, म्हणजे 120 किलोचा. उभी बाजू 15 सेंमीची असेल तर तोच जोर 200 किलो होतो. चार इंची विटेच्या भिंतीत, गिलाव्याच्या थराआड बसवलेल्या गिट्ट्यांनी (स्क्रूला पकड देणाऱ्या नळ्यांनी) हा ओढा रोज सोसायचा. पहिल्या वर्षी काही होत नाही. मग वरच्या स्क्रूभोवती गिलाव्याला केसासारखी भेग दिसते आणि टेबल पुढे झुकू लागतं.

पाय लावला की चित्रच पालटतं. पुढच्या कडेवरचा भार सरळ जमिनीत जातो, भिंतीवर फक्त कपाटाचं वजन आणि टेबलाचा अर्धा भार येतो, आणि तोही खाली दाबणारा. बाहेर ओढणारा जवळजवळ नाहीच. गिट्टी खाली दाबणारा भार उत्तम पेलते, बाहेर ओढणारा नाही. म्हणून लॅपटॉपपुरत्या 350 मिमीच्या फळीला ब्रॅकेट चालतील, जेवणाच्या टेबलाला पायच हवा.

पाय आपोआप उघडणं हा या रचनेचा खरा फायदा. झडप उभी असते तेव्हा चौकट वरच्या कडेला टांगलेली, आपल्या वजनाने फळ्याला चिकटून लोंबते. झडप खाली येऊ लागली की चौकट ओळंब्यात राहते आणि टेबल आडवं होईपर्यंत ती उभी झालेली असते. एका हाताने झडप धरायची, दुसऱ्या हाताला काम नाही. बिजागरी मात्र चौकटीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यावरच हवी, म्हणजे चौकटीचं वरचं टोक टेबलाच्या खालच्या अंगाला टेकतं आणि ती बाहेरच्या दिशेला 90 अंशांपुढे जाऊच शकत नाही.

आतल्या दिशेला ती जाऊ शकते आणि धोका तिथेच आहे. कुणी टेबल किंचित उचललं आणि त्याच क्षणी पायाला लाथ लागली, तर पाय मिटतो आणि आमटीसकट टेबल खाली येतं. म्हणून प्रत्येक उभ्या पट्टीपासून टेबलाच्या खालच्या अंगाकडे तिरका जाणारा एक लोखंडी आकडा लावा, खिडकीला लावतात तसाच, 6 इंची. घरात लहान मूल असेल तर आकडा घातल्याशिवाय टेबलावर गरम काही ठेवायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

सामान आणि तुकडे

मुख्य तुकड्यांसाठी 19 मिमीची, सुतारांच्या भाषेत सहा सूत, 8 × 4 फुटांची एक शीट पुरून उरते. स्वयंपाकघरात किंवा मोरीच्या भिंतीवर लावायचं असेल तर आयएस 710 छापलेला मरीन प्लाय घ्या. कोरड्या खोलीत बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचा) प्लाय पुरतो. दुकानात शीट उभी करून एका टोकाकडून डोळा लावून बघा. जिला बाक आहे ती घेऊ नका. कपाटाच्या चार बाजूंना धरून ठेवलेली फळी थोडी वाकडी असली तरी खपते, पण झडपेला धरायला कुणी नसतं आणि वाकलेली झडप कधीच नीट बसत नाही.

तुकडे असे निघतात, आणि ही मापं लिपिंग पट्टी (फळीच्या कडेला चिकटवायची लाकडी पट्टी) धरून आहेत:

झडप 900 × 760, एक.
तळफळी 900 × 150, एक.
उभ्या बाजू 758 × 141, दोन.
वरची फळी 862 × 141, एक.
आतल्या फळ्या 862 × 115, दोन.
भिंतीला टांगायच्या आडव्या पट्ट्या 862 × 75, दोन.
पाठीला 9 मिमी प्लाय, 900 × 758, एक.
पायाची चौकट सागवानी 40 × 25 मिमी पट्टीची: 709 च्या दोन उभ्या, 720 ची खालची आडवी, वरची आडवी 50 × 25, तीही 720.

करवतीचं पातं प्रत्येक कापात साधारण 3 मिमी खातं. शीटवर तुकडे आखताना तेवढी जागा सोडली नाही तर शेवटच्या तुकड्याला हमखास सुतभर कमी पडतं.

ब्लॉकबोर्ड हलका असतो आणि सहसा वाकत नाही, म्हणून अनेक सुतार झडपेला तोच सुचवतात. सल्ला चांगला आहे, एक गोष्ट सांभाळली तर. ब्लॉकबोर्डच्या आतल्या पट्ट्या टेबलाच्या 760 च्या दिशेने घेतल्या की बिजागरीचे स्क्रू त्या पट्ट्यांच्या टोकात, म्हणजे लाकडाच्या आडव्या कापात शिरतात, आणि तिथे स्क्रूला पकड मिळत नाही. प्लायच्या कडेतही तीच गोष्ट: स्क्रू दोन थरांच्या मधे घुसतो आणि थर फाकतात. दोन्हीवर उपाय एकच. बिजागरी जिथे बसणार त्या दोन्ही कडांना, झडपेच्या खालच्या आणि तळफळीच्या पुढच्या, 25 मिमी रुंद सागवानी लिपिंग पट्टी फेविकॉलने चिकटवा, रात्रभर दाबून ठेवा, मग रंध्याने सपाट करा. स्क्रू सागवानात बसतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. या कामात पैसे वाचवायचे तर मायक्यात वाचवा, या दोन पट्ट्यांत नको.

मायका झडपेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचा लावा, 1 मिमी. वरच्या बाजूला मॅट फिनिश, बाहेरच्या बाजूला मार्करने लिहिता येणारा पांढरा. एका बाजूला मायका आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पॉलिश असं केलं, तर पावसाळ्यात उघडी बाजू ओल पिऊन फुगते, मायक्याची बाजू फुगत नाही, आणि झडप पोह्याच्या बशीसारखी होते. कडांनाही पट्टी लावून बंद करा. ओल कडेतूनच शिरते.

वजनाची मर्यादा

900 × 760 ची प्लायची झडप मायक्यासह साधारण दहा किलो भरते, पायाची चौकट दोन किलो. झडपेचं अर्धं वजन बिजागरी पेलते, म्हणून पुढच्या कडेला हाताला सुमारे सात किलो लागतात. घरातली सत्तरीची आजी हे एका हाताने उचलू शकते का, हीच कसोटी ठेवा. आठ किलोंच्या वर गेलं तर ती झडप मिटायचा कंटाळा केला जातो. म्हणून बाहेरच्या बाजूला आरसा लावायचा मोह टाळा. 4 मिमी काचेचा एक चौरस मीटर दहा किलोचा असतो, म्हणजे अर्ध्या झडपेएवढा आरसाही साडेतीन किलो वाढवतो.

वजन हलकं करायला गॅस पंप लावू, असं इथे कुणीतरी म्हणतंच. साधा गॅस पंप ढकलतो, ओढत नाही. वर उचलल्या जाणाऱ्या झाकणाला, पलंगाखालच्या पेटीला, तो योग्य आहे. खाली उतरणाऱ्या झडपेला कपाटाच्या आतून तोच लावला तर तो तिला उघडायच्या दिशेने ढकलतो. कडी काढताच टेबल अंगावर येतं. उतरत्या झडपेसाठी वेगळा, वेग आवरणारा स्टे (आधाराची दांडी) मिळतो, पण घेताना त्यावर लिहिलेलं वजन आणि झडपेची उंची दोन्ही जुळवून पाहा. बहुतेक स्टे ओव्हरहेड कपाटाच्या छोट्या झडपांसाठी असतात.

भिंतीत उभे मिटणारे पलंग वेगळ्या जातीचे. सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम मर्फी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या पलंगाचं पेटंट घेतलं, त्याच्या वंशातले. तिथे गादीसकट पलंगाचं वजन स्प्रिंगने तोलावं लागतं. टेबलाचा हा आराखडा मोठा करून पलंग करायला जाऊ नका. त्याची यंत्रणा तयार विकत घ्यावी हेच बरं.

भिंत ओळखणं

ड्रिलने 6 मिमीचं एक भोक पाडा आणि खाली कागद धरून भुगा गोळा करा. पहिले 12-15 मिमी गिलावा, तो करडाच निघतो. तो हिशोबात धरायचा नाही. त्यानंतर लाल भुगा आला तर वीट. पांढरट, पिठासारखा आणि ड्रिल लोण्यात जावं तसं गेलं तर सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. करडा भुगा, ड्रिल किंचाळतंय आणि पुढे सरकत नाही, तर काँक्रीट.

विटेत 10 मिमी नायलॉनची गिट्टी आणि निदान 75 मिमी लांब स्क्रू घ्या. भोक विटेच्या पोटात हवं, दोन विटांच्या सांध्यात नको. सांध्यात गेलं तर भुगा मधेच लालचा करडा होतो आणि ड्रिल एकदम आत जातं. तेव्हा ते भोक सोडून दोन इंच बाजूला घ्या. काँक्रीटला 8 मिमीचा अँकर फास्टनर. सिपोरेक्समध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर 10 चं भोक 13 चं होतं, आणि त्यासाठी बनवलेली लांब, पंखांची गिट्टीच वापरायची. साधी गिट्टी तिथे हाताने उपसून येते.

एकूण सहा जागी पकड द्या: वरच्या आडव्या पट्टीत चार, खालच्या पट्टीत दोन. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल करू नका, वायरचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. मोरी किंवा बाहेरच्या भिंतीवर लावत असाल तर पाठीमागे 10 मिमीच्या पट्ट्या ठोकून कपाट भिंतीपासून सुटं ठेवा. वारा खेळता राहिला तर ओल पाठीत शिरत नाही आणि वाळवीचा माग दिसून येतो.

भाड्याचं घर असेल आणि मालक भोकं पाडू देत नसेल, तर कपाटाच्या उभ्या बाजू 758 ऐवजी जमिनीपर्यंत न्या. सगळा भार फरशीवर जातो आणि कपाट पुढे पडू नये एवढ्यासाठी वर एकच स्क्रू पुरतो. तो एक मात्र सोडू नका.

जोडणी

आधी रिकामं कपाट जोडा. तळफळीवर दोन्ही बाजू उभ्या, मधे वरची फळी, मागून पाठ. प्रत्येक सांध्याला फेविकॉल आणि 8 नंबरचे 38 मिमी स्क्रू, 150 मिमी अंतराने. प्रत्येक स्क्रूला आधी 3 मिमीचं भोक पाडायचं. स्क्रू अर्धा हातोडीने ठोकायचा आणि शेवटचे दोन आटे फिरवायचे, ही सवय फार पसरलेली आहे आणि घडीच्या फर्निचरला ती मारक आहे. ठोकलेला स्क्रू लाकडाचे धागे फाडत जातो. साध्या कपाटात ते खपून जातं, पण जो सांधा दिवसातून चार वेळा हलणार तिथे तो स्क्रू वर्षभरात ढिला होतो. समोर उभं राहून काम करून घेत असाल तर एवढ्या एका गोष्टीवर लक्ष ठेवा.

पाठ लावण्याआधी कपाटाचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. दोन मिमीचा फरक असला तरी झडप एका कोपऱ्यात घासते आणि दुसऱ्यात फट दाखवते.

कपाट टांगा, तळफळीची वरची पातळी जमिनीपासून बरोबर 740, पाणसळ लावून. आता बिजागरी. तीन सुट्या बिजागऱ्यांपेक्षा 900 मिमी लांबीची अखंड पियानो बिजागरी घ्या, स्टीलची, समुद्राकाठच्या गावात 304 ग्रेडची. तिची पिन टेबलाच्या वरच्या पातळीवर यायला हवी. एक पाकळी तळफळीच्या पुढच्या कडेवर, दुसरी झडपेच्या खालच्या कडेवर. टेबल उघडलं की दोन्ही पाकळ्या समोरासमोर मिटतात, कडा एकमेकींना भिडतात आणि भार पेलतात. मिटलं की झडप तळफळीच्या पातळीवर सरळ उभी राहते. पिन खालच्या पातळीवर घेतली तर झडप तळफळीवर आपटते आणि मिटतच नाही. ही चूक होते तेव्हा सगळी लिपिंग बदलावी लागते. पिनेची गोलाई टेबलावर उंचवटा करते, म्हणून दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कोपऱ्याला पटाशीने बारीक खाच पाडून ती अर्धी आत बसवा. नाहीतर तिथे ताट डुगडुगतं आणि पिठी साठते.

बिजागरीचे सगळे स्क्रू एकदम लावू नका. दोन टोकांचे आणि मधला एक लावा, झडप उघडून-मिटून पाहा, फट दोन्हीकडे एक सूत आहे ना ते बघा, मग बाकीचे.

पायाची चौकट सगळ्यात शेवटी मोजायची. 709 हे कागदावरचं माप आहे. फरशीला मोरीकडे किंवा दाराकडे उतार असतोच, आणि भिंतीपासून 90 सेंमी पुढे तो 5 ते 10 मिमी निघू शकतो. झडप उघडून पुढची कड पाणसळीत धरा, चौकट ज्या दोन जागी टेकणार तिथे जमिनीपर्यंत वेगवेगळं मोजा, त्यातून 10 मिमी फिरत्या रबरी बुटाचे वजा करा आणि मग कापा. बूट फिरवून उरलेला फरक काढता येतो. खालची आडवी पट्टी जमिनीपासून 90 मिमी वर घ्या, समोर बसणाऱ्याला पाय टेकायला ती चांगली. चौकटीचे चारही कोपरे खाच पाडून, फेविकॉल घालून जोडा. नुसत्या स्क्रूवर ठेवलेली चौकट महिन्याभरात डोलू लागते.

मिटलेल्या झडपेला वर दोन कड्या, कपाटाच्या वरच्या फळीत जाणाऱ्या. चुंबकाच्या कॅचवर बारा किलो सोडायचे नाहीत. कड्यांची उंची दीड मीटरच्या आसपास येते, लहान मुलाच्या हाताबाहेर, आणि तशीच हवी. उघडताना आधी एक तळहात झडपेवर, मग कडी.

झडप आणि कपाटाच्या बाजू यांत बोट सापडायची भीती असते. फट एकतर बोट जाणार नाही इतकी बारीक ठेवा, 5 मिमीच्या आत, नाहीतर बोट सहज सुटेल इतकी मोठी, 25 च्या वर. मधलं माप वाईट.

आतली जागा

तळफळीच्या वरचे 250 मिमी पूर्ण मोकळे सोडा, पहिली फळी त्याच्या वर. ही सगळ्यात महत्त्वाची रिकामी जागा आहे. जेवणानंतर मीठ, लोणचं, पाण्याचा तांब्या, अभ्यासाची वही, चार्जर हे सगळं हाताने मागे सरकवायचं आणि झडप मिटायची. टेबल मिटायला आधी सामान दुसऱ्या खोलीत न्यावं लागत असेल तर ते टेबल मिटलं जात नाही. आतल्या फळ्या 141 ऐवजी 115 रुंद ठेवल्या आहेत, म्हणजे मिटताना फळीवरची वही थोडी पुढे आली तरी झडपेला अडत नाही.

चार्जरची वायर तळफळीच्या मागच्या कोपऱ्यात 25 मिमीचं भोक पाडून खालून आणा. बिजागरीची रेषा ओलांडणारी वायर कधी ना कधी चेपली जाते.

सोबतची दोन स्टुलं

टेबल मिटलं आणि खुर्च्या तशाच राहिल्या तर जागा मोकळी झालीच नाही. कपाटाखाली 719 मिमी उंची असते, तिथे भिंतीवर आकड्यांना दोन घडीची स्टुलं टांगता येतात. पोथी ठेवायचं लाकडी व्यासपीठ जसं फुलीत उघडतं, तशीच रचना. सागवानी 40 × 20 च्या चार पट्ट्या, प्रत्येकी 560 मिमी, बाहेरची जोडी 380 रुंद, आतली 336, म्हणजे दोन्ही बाजूंना वॉशरपुरते 2 मिमी उरतात. मध्यावर 8 मिमीचा बोल्ट, दोन्हीकडे वॉशर आणि न सुटणारा नायलॉनचा नट. पाय 380 फाकले की उंची 410 होते. वर नवारीचं आणि आडव्या पट्टीचं माप धरून बैठक 430 वर येते.

या स्टुलात बसणाऱ्याला पेलते ती नवार. गुळगुळीत फरशीवर 80 किलोचा माणूस बसला की तिच्यावर 75 किलोंच्या आसपास आडवा ताण येतो. नवार ताणून 380 ची 420 झाली की स्टूल चार सेंमी खाली बसतं. म्हणून सुती नवार दुहेरी घ्या, आडव्या पट्टीला पूर्ण वेढा देऊन खालून खिळे मारा, आणि पायांच्या खालच्या बाजूला दोन्ही जोड्यांना बांधणारा नायलॉनचा पट्टा लावा. पट्टा निम्मा ताण घेतो.

चाचणी

माणसं बसवण्याआधी पुढच्या कडेवर पाण्याचे 20 लिटरचे दोन भरलेले जार ठेवा, म्हणजे 40 किलो, आणि तासभर सोडा. मग बिजागरीची रेषा, भिंतीवरचे स्क्रू आणि चौकटीचे कोपरे तपासा. एक जार डाव्या कोपऱ्यात आणि दुसरी बाजू रिकामी असंही करून बघा. टेबल पिळत असेल तर ते तेव्हाच दिसतं. नंतर घड्याळ लावून टेबल उघडा आणि मिटा. कडी, झडप, आकडे मिळून वीस सेकंदांच्या आत व्हायला हवं. जास्त वेळ लागत असेल तर कुठे अडतं ते शोधा. बहुतेकदा आकड्याची कडी चुकीच्या जागी लागलेली असते किंवा स्टुलं आधी काढल्याशिवाय पाय उघडत नसतो.

पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा सगळे बिजागरीचे स्क्रू हाताने फिरवून बघा. एखादा नुसताच फिरत असेल तर जाड स्क्रू घालायच्या भानगडीत पडू नका, त्याने शेजारचं लाकूड चिरतं. तो काढा, भोकात फेविकॉलमध्ये बुडवलेल्या बांबूच्या दोन-तीन काड्या ठोकून भरा, एक दिवस वाळू द्या, पटाशीने काप सपाट करा, 2 मिमीचं नवं भोक पाडा आणि जुनाच स्क्रू हाताने आवळा.